साष्टांग नमस्कारास वैद्यकीय हरकत

जळकोट,
दि. ३ मार्च १९८६

तीर्थस्वरूप सौ. द्वारका आक्का यांच्या चरणी धाकटा बंधू आबाराव याचा साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी सात अंगे सांप्रत वैद्यकीय आज्ञेने रजेवर असल्यामुळे आज केवळ मस्तक पाठवीत आहे. तेवढे तूर्त स्वीकारावे. उर्वरित अंगे प्रकृतिमानानुसार यथावकाश सादर होतील.

वृत्तान्त असा की, गत सप्ताहात उमरग्याच्या एका दवाखान्यात माझा देह योग्य त्या ठिकाणी उघडून, आतील एका बंडखोर आतड्यास स्वस्थानी बसवून, पुनश्च शिवण्यात आला. या व्याधीस शास्त्रकार अंतर्गळ म्हणतात, डॉक्टर हर्निया म्हणतात, आणि आपल्या बेंबळीत जे म्हणतात ते भाषाविषयाच्या शिक्षकाने पत्रात लिहू नये. गेली दोन वर्षे हे आतडे वेळी-अवेळी सीमोल्लंघन करून बाहेर डोकावत असे आणि मी त्यास, मागच्या बाकावरील विद्यार्थ्यास बसवावे तसे, हाताने दाबून आत बसवीत असे. परंतु उनाड विद्यार्थी आणि अंतर्गळ यांना मायेने ढकलून भागत नाही, हे अखेर सिद्ध झाले.

समाचारास येणाऱ्यांची रीघ लागली आहे. प्रत्येक गृहस्थ खुर्ची पुढे ओढून विचारतो, "बघू सर, कुठं कापलं?" जखमेचे स्थान सभ्य समाजात दाखविण्याजोगे नसल्यामुळे मी गंभीर मुद्रेने पूर्व दिशेकडे बोट करतो. बहुतेकांचे तेवढ्यावर समाधान होते.

आता मुख्य मुद्दा. वजन उचलणे, खोकणे, शिंकणे आणि वाकणे या चार क्रिया मला निषिद्ध झाल्या आहेत. त्यांतील चौथीविषयी मी डॉक्टरांस मुद्दाम खोदून विचारले. म्हटले, "समजा, एखाद्या विवाहप्रसंगी एखाद्या ज्येष्ठ पुरुषाच्या पायांवर मस्तक ठेवण्याइतका मी लवलो, तर?" ते म्हणाले, "टाके उसवतील." मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले, किंचित त्रासून.

चि. जाईच्या विवाहाची पत्रिका पोचली. निमंत्रकाच्या जागी वधूपिता म्हणून दादांचे नाव आहे, पाकिटावरचे हस्ताक्षर मात्र तुमचे आहे, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. असो. पुतणीच्या मस्तकावर अक्षता टाकण्यास मी अठरा मे रोजी अवश्य येईन. मंडपाच्या एका खांबाशी ताठ उभा राहीन आणि ज्येष्ठ बंधू बलभीमराव यांस दुरून, केवळ दृष्टीने, अभिवादन करीन. यात मानापमानाचा लवलेश नाही, याची तुम्ही त्यांस खात्री द्यावी. यात केवळ टाके आहेत.

दाजींस नमस्कार (तोही मस्तकापुरताच).

आज्ञाधारक,
आबाराव

बेंबळी,
११ मार्च

चि. आबा यास द्वारकाचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. तुज्या दाजीला दोनदा वाचून कळलं न्हाय, मला एकदाच कळलं.

मला एवढंच सांग. दोन वर्सं आतडं भाईर येत हुतं तर दोन वर्सं हातानं दाबत बसलास. आन् जाईची सुपारी फुटली तशी दवाखान्यात पळालास व्हय? डॉक्टरला दोनदा इचारलास, वाकलं तर काय व्हतंय म्हनून. जे करायचं नसतंय तेच मानूस दोनदा इचारतंय. म्या तुजी आक्का हाय, शाळेतली पोरगी न्हाय.

सहा वर्सं झाली त्या डेअरीच्या सभेला. पाऊस न्हवता, हिरी कोरड्या पडल्या हुत्या, आन् दादा दूधसंस्थेचा चेअरमन. तुला बोलाय सांगितलं दोन चांगले शब्द. तू माइक धरून काय म्हनलास? "अवघ्या जिल्ह्यात पाणी कुठं उरलं असेल तर ते आमच्या चेअरमनसाहेबांच्या कॅनमध्ये. दूध आणि पाणी हे द्वैत त्यांनी मिटवलं, आता सर्वत्र अद्वैत आहे." सगळी सभा हसली. दादानं फेटा उचलला आन् निघून गेला. तवापास्नं गावातली पोरं त्याला अद्वैत चेअरमन म्हनत्यात. अद्वैत म्हंजी काय ते एकालाबी ठावं न्हाय, पर म्हनायला गोड लागतंय.

आज तुला एक सांगते, ते ध्यानात ठेव. त्या साली कडबा न्हवता. म्हशी उसाच्या वाढ्यावर, नुसत्या हिरव्या शेंड्यावर हुत्या. वाढ्यावर दूध पातळच येतंय. दादानं थेंब घातला न्हवता. हसनाऱ्यातल्या एकानंबी म्हशीच्या दावणीत वाकून बघितलं न्हाय.

सहा वर्सं म्या भाऊबीज दोनदा करते. सकाळी दादाला, सांजंला तुला. दादा गेलाय का बघून तू येतोस, तुजी एसटी गेली का बघून दादा भाईर पडतो. निरांजन तेच, तेल दोनदा. माजं म्हननं काय न्हाय, म्या तीनदाबी करीन. पर ह्या लग्नात तुमी दोघं दोन खांबाला उभं ऱ्हायलात तर पुढं तुमची पोरं एकमेकाला पत्रिकाबी धाडनार न्हाईत. मग जाईनं कुनाला ववाळायचं? तिला सख्खा भाऊ न्हाय. तुजी दोन पोरं तेच तिचे भाऊ.

दादाला म्या इचारलं. त्यो म्हनला, "येऊ दे न्हाईतर न येऊ दे. पर आला तर धाकट्यानं धाकट्यावानी यावं." लई मागनं न्हाय त्याचं.

औषध वेळेवर घे. सुमनला त्रास देऊ नको.

द्वारका

जळकोट,
दि. २४ मार्च

तीर्थस्वरूप आक्कांच्या चरणी आबारावाचा नमस्कार. गेल्या खेपेस पाठविलेले मस्तकही आता मागे घेण्याची वेळ आली आहे, कारण मी उताणा आहे आणि छताखेरीज अन्य कोणासही नमस्कार करण्याच्या स्थितीत नाही.

प्रथम एक खंत. तुम्हांस अक्षरओळख मीच करून दिली. पाटीवर 'ग' गिरविताना तुम्ही माझ्या डोक्यात लेखणी मारली होती, तेव्हाच सावध व्हावयास हवे होते. विद्या विनयेन शोभते असे म्हणतात. तुमच्याकडे ती विनयाची वाट न पाहता एकटीच पुढे आलेली दिसते.

आता दु:खद वार्ता. माझ्या वैद्यकीय भाकिताचा उपहास करणारे तुमचे पत्र पोचले, आणि दुसऱ्याच दिवशी ते भाकीत अक्षरशः खरे ठरले. माझे श्वशुर गोरोबाकाका समाचारास आले. वयोवृद्ध पुरुष उंबऱ्यात उभा आहे आणि जामात खाटेवर पसरला आहे, हे दृश्य कोणत्या संस्कारी मनुष्यास सहन होईल? मी उठलो. लवलो. त्यांच्या पायांस माझी बोटे लागतात न लागतात तोच कटिप्रदेशी तट् असा ध्वनी झाला. तीन टाके उसवले. सदऱ्याखाली उष्ण प्रवाह जाणवला आणि मी संस्कारांची किंमत समजून चुकलो.

ट्रकमधून उमरग्यास नेले. डॉक्टरांनी पुनश्च शिवले. या खेपेस दोरा जाड वापरला आणि शब्दही. ते म्हणाले, "मास्तर, वर्गात पोरांना एकदा सांगून कळत नाही म्हणून तुम्ही छडी उगारता. मी काय उगारू?"

तेव्हा आक्का, शास्त्रीय निष्कर्ष तुमच्यापुढे आहे. श्वशुरांच्या पायांशी, म्हणजे तुलनेने सौम्य आदराने वाकल्यास तीन टाके जातात. ज्येष्ठ बंधूंच्या पायांशी, सहा वर्षांच्या साठलेल्या आदराने वाकल्यास किती जातील, याचे गणित माझ्या नववीतील कोणताही विद्यार्थी मांडील. माझ्या देहात आता तेवढे टाके नाहीत.

अद्वैताविषयी एवढेच लिहितो की ते केवळ तत्त्वज्ञान होते. तत्त्वज्ञानाने कोणी फेटा उचलून जाऊ नये. वाढ्याविषयी तुम्ही लिहिलेत, ते मला ठाऊक नव्हते. त्यावर मी विचार करीत आहे. उताणा असल्यामुळे दुसरा उद्योगही नाही.

तुमचा,
आबाराव

जळकोट,
२६ मार्च

ती. सौ. वन्संना सुमनचा नमस्कार.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते. शाळेच्या शिपायाकडं देऊन टपालात टाकते.

परवा ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र मला कौतुकानं वाचून दाखवलं. माझ्या बाबांच्या पाया पडताना टाके उसवले म्हणं. वन्सं, माझे बाबा आले होते ते खरं. पण ह्यांनी कॉटवरनं नुसते हात जोडले, अन् बाबांनाच पाठीमागची उशी नीट लावायला सांगितली. बाबांचं नाव विनाकारण घातलं.

खरं काय झालं ते ऐका. बाबा गेल्यावर शाळेतले चार मास्तर आले. चहा झाला. एकानं विचारलं, "सर, ते तुमचं डेअरीतलं भाषण कसं होतं?" झालं. हे निघाले. सगळं भाषण म्हणून दाखवलं. मग थोरले दादा कसे उठले, फेटा कसा उचलला, रागाच्या भरात एक चप्पल आपली अन् एक दुसऱ्याची घालून कसे चालले, अन् फाटकापाशी कळल्यावर परत यावं का नको असे कसे उभे राहिले, ते सगळं हातानं अन् तोंडानं करून दाखवलं. मास्तर लोकं हसले ते हसले, पण सगळ्यात जास्त हेच हसले. स्वतःच्या बोलण्यावर हसायची सवय तुम्हाला माहीतच आहे. हसता हसता पोट धरलं, मग 'आई गं' म्हणले, मग आडवे झाले. धोतर लाल झालं.

वाकून न्हाय वन्सं, हसून उसवलं. त्याच भाषणावर हसून. डॉक्टरांना बी पाया पडलो म्हणूनच सांगितलं, त्यांना ते पटलं न्हाय. डॉक्टर मला म्हणाले, घरात पाणी-बिणी उचलायला लावता का? मी काय सांगू, की उचलायचं म्हटलं तर हे पेन बी उचलत न्हाईत.

अजून एक सांगते, मनात ठेवा. परत शिवून आणल्यापास्नं हे तुमचं ते वाढ्याचं पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचतात. उस्मानाबादकडची एसटी थांबली की खिडकीतनं बघतात. कोण उतरतंय ते बघून परत आडवे होतात. मी विचारलं, कुणाची वाट बघताय? तर म्हणले, "वाहतूक व्यवस्थेचं निरीक्षण करतोय."

तुम्ही थोरल्या आहात. काय ते करा.

तुमची,
सुमन

बेंबळी,
५ एप्रिल

चि. आबा यास द्वारकाचा आशीर्वाद.

वाचून लई वाईट वाटलं. सासऱ्याच्या पाया पडून पोट फुटलं, एवढा सज्जन जावई म्या तर पाह्यला न्हाय. गोरोबाकाकाला म्या कळवते, त्येंनाबी बरं वाटंल.

आता नीट पडून ऱ्हा. खोकू नको, शिंकू नको, वाकू नको. आन् हसूबी नको. डॉक्टरनं सांगितलं नसंल तरी म्या सांगते. कुनी काय भाषन-बिषन इचारलं तर तोंड भितीकडं कर. कुनाची चाल करून दाखवायची न्हाय, एका चपलंची न्हाय का दोन चपलंची न्हाय.

हे मला कसं सुचलं ते इचारू नको.

दादाला म्या तुज्याबद्दल काय बी सांगितलं न्हाय. त्यानं इचारलंबी न्हाय. त्यो त्याच्या गडबडीत हाय. यंदा पुन्ना पाऊस न्हाय, पुन्ना म्हशी वाढ्यावर. संस्थेत दूध निम्म्यावर आलंय. लग्नाला दूध कुठनं आनायचं म्हनून हिंडतोय.

लग्नाला तू खांबाला उभा ऱ्हा न्हाईतर बस, म्या आता बोलनार न्हाय.

द्वारका

जळकोट,
दि. १७ एप्रिल

तीर्थस्वरूप आक्का,

मायना नमस्कारावाचून लिहिला आहे, याचे कारण हे पत्र नमस्काराचे नसून आरोपपत्र आहे.

तुमचे ५ तारखेचे पत्र वाचून मी अंतर्मुख झालो. चपलांचा तपशील तुम्हांस कोठून मिळाला, याचा शोध लावण्यास मला फार दूर जावे लागले नाही. शोधविषय स्वयंपाकघरात भाकरी थापीत होता. त्या आघाडीवर मी सपशेल शरणागती पत्करली. परंतु "दादाला म्या काय बी सांगितलं न्हाय" हे वाक्य तुम्ही ज्या निर्विकारपणे लिहिलेत, त्यास माझ्या भाषिक कारकिर्दीत तोड नाही.

गेल्या बुधवारी मध्यान्ही एसटी थांबली. मी नित्याप्रमाणे वाहतूक व्यवस्थेचे निरीक्षण करीत होतो. प्रथम एक अॅल्युमिनियमची किटली उतरली. तिच्या मागून एक फेटा उतरला. फेट्याखाली दादा होते.

सहा वर्षांत ते काहीसे आखूड झाले आहेत. दारात उभे राहून त्यांनी माझ्याकडे न बघता सुमनला विचारले, "जिता हाय का?"

ती म्हणाली, "आहेत की. बसलेत."

"द्वारकी तर म्हनली, पोट तीनदा फाटलं, आता शिवायला कातडं उरलं न्हाय. डॉक्टरनं हात टेकले म्हनली."

आक्का, तोपर्यंत माझे टाके केवळ एकदा उसवले होते. उरलेल्या दोन उसवणी तुम्ही पदरच्या घातल्या. एवढे पाणी तर संस्थेच्या कोणत्याही चेअरमनने आजवर घातले नसेल.

दादांनी किटली खाली ठेवली. मग प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बघू. कुठं फाटलंय?"

सबंध जळकोटास मी पूर्व दिशा दाखवून परतविले. परंतु ज्या पुरुषाने मला लहानपणी मानगूट धरून, दिगंबर अवस्थेत, पोहऱ्याने आंघोळी घातल्या, त्यास पूर्व दिशा दाखवून चालत नाही. मी मुकाट्याने वस्त्र सरकविले. दादांनी फेटा काढून खाटेवर ठेवला, चष्मा लावला, आणि नीट दिसावे म्हणून माझ्या पुढ्यात उकिडवे बसून पुढे वाकले.

आता स्थिती कल्पावी. खाटेवरून माझे दोन्ही पाय खाली सोडलेले. त्या पायांवर ज्येष्ठ बंधूंचे टक्कल जवळजवळ टेकलेले. सहा वर्षे मी ज्या नमस्कारापासून पळत होतो, तो उलट दिशेने चालत येऊन माझ्या चरणी बसला होता. त्या क्षणी माझ्या जिव्हाग्रावर एक वाक्य आले. आजवर सुचलेल्या सर्व वाक्यांत ते श्रेष्ठ होते. ते उच्चारले असते तर डेअरीचे भाषण त्यापुढे फिके पडले असते.

दादा डोळे बारीक करून जखम बघत होते. त्यांच्या मानेवर एसटीतली धूळ बसली होती. किटलीवरून खाली आलेल्या दुधाचा ओघळ त्यांच्या बाहीवर वाळला होता.

मी ते वाक्य गिळले. आयुष्यात प्रथमच. ते जेथे गेले तेथे टाके होते, आणि ते टिकले. वाक्य काय होते ते तुम्हांसही सांगणार नाही.

"शिवन बरी हाय," दादा म्हणाले. "आपल्या खिल्लाऱ्या खोंडाची ह्यापेक्षा वाईट हुती. तरी त्यो पुढं चार वर्सं औताला चालला."

मी खाटेची कड धरून उठू लागलो. सात अंगांची रजा मी स्वेच्छेने रद्द केली होती आणि डॉक्टरांचे मत विचारात घेण्याचे मला स्मरण राहिले नव्हते. दादांनी माझ्या छातीवर पंजा ठेवला.

"बस गप. उसवलं तर उमरग्याला कोन न्हेनार?"

पंजा त्यांनी लगेच काढला नाही. मीही काढा असे म्हटले नाही.

तेवढ्यात सुमनने किटली आत नेली. दूध तळाशी लागू नये म्हणून आपल्या सर्व गृहिणी करतात तसे तिने पातेले विसळून त्यात घोटभर पाणी तसेच राहू दिले आणि किटली कलती केली. दादांनी दारातून ते पाहिले.

"सुमन, पानी काढ त्यातलं."

"अहो दादा, खाली लागतं ना."

"लागू दे. तुजा नवरा बसलाय इथं. लगीच सभा भरवंल."

हे त्यांनी अत्यंत गंभीरपणे म्हटले. सुमनने पदर तोंडाशी नेला. मी भिंतीकडे तोंड केले आणि तुमची आज्ञा शब्दशः पाळली. भिंतीवरील पालीकडे पाहत मी वैराग्यपर श्लोक आठवीत होतो.

दूध आले. मी पेला घेतला. आक्का, दूध पातळ होते. यंदाही म्हशी वाढ्यावरच आहेत, तुम्ही लिहिले होतेत. संस्थेत दूध मिळेना, पुतणीच्या लग्नास दूध पुरेना, आणि त्यातले हे किटलीभर एसटीने हिंदकळत माझ्यासाठी आले होते. मी ते संपूर्ण प्यालो. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. कोणत्याही निरीक्षकाने माझा पाठ बघताना मला एवढी धास्ती वाटली नव्हती.

मी म्हणालो, "दादा, पाण्याचा थेंब नाही."

दादांनी रिकामा पेला माझ्या हातून घेऊन त्यात डोकावून पाहिले. मग म्हणाले, "हे प्रोसिडिंगला घ्यायला सहा वर्सं लागली व्हय?"

आणि हसले. प्रथम ते हसले, याची सुमन साक्षीदार आहे. त्यांचे हसणे तुम्हांस ठाऊकच आहे, मोटेचे चाक कुरकुरावे तसे. ते सुरू झाल्यावर माझ्या हाती काही उरले नाही. मी हसलो. ते माझ्याकडे बघून अधिक हसले. "त्या दिशी एक चप्पल गोरख भुसाऱ्याची घातली हुती म्या," ते म्हणाले, "अजून त्यानं मागितली न्हाय," आणि या वाक्याला माझ्या कटिप्रदेशी तोच परिचित ध्वनी झाला.

पुनश्च ट्रक. पुनश्च उमरगा. वाटभर दादांनी घडी केलेला आपला फेटा जखमेवर दाबून धरला होता आणि ड्रायव्हरने काही गमतीचे बोलण्यास तोंड उघडले की ते त्यास दटावीत होते. डॉक्टर मला बघून खुर्चीत बसले.

"आता काय केलंत मास्तर? कुणाच्या पाया पडलात?"

मी खरे सांगण्यास तोंड उघडले, परंतु दादा पुढे झाले. म्हणाले, "त्याची चूक न्हाय डॉक्टर. म्या हसवलं त्याला."

हे त्यांनी अशा ऐटीत सांगितले की जणू संस्थेस पारितोषिक मिळाले होते. आणि मग माझ्या कानाशी, डॉक्टर सुई शोधीत असता, हळूच, "सहा वर्सं लोक मला हसत्यात आबा. माज्या बोलन्यावर हसलेला तू पयला."

डॉक्टरांची सुई लागेपर्यंत मी दादांच्या फेट्याचे टोक धरून होतो.

टाके आता तिसऱ्यांदा पडले आहेत. तुम्ही सांगितलेल्या तीन उसवणींपैकी दोन झाल्या आहेत, तिसरी तुमच्या जबाबदारीवर राहील. दादा रात्रीच्या गाडीने न जाता सकाळी गेले. जाताना मी निजूनच हात जोडले. ते म्हणाले, "पोचला." आणि गेले. लग्नाविषयी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारले नाही. खांबाशी उभा राहू की नको, हे मला अद्याप ज्ञात नाही. तुम्हांस कळल्यास, आणि ते खरे असल्यास, कळवावे.

तुमचा,
आबाराव

ता. क. सुमनला मी क्षमा केली आहे. तिने मला केली आहे किंवा कसे, याचा निकाल राखून ठेवण्यात आला आहे.

बेंबळी,
२५ एप्रिल

चि. आबारावास बलभीमचा आशीर्वाद.

पत्र लिहायची मला सवय न्हाय. द्वारकी शेजारी बसून काय लिहू ते सांगतीया, त्यातलं म्या काय बी लिहीत न्हाय.

टाके कसे हाईत ते सुमनकडनं कळव. तुज्याकडनं नको, तू खरं लिहीत न्हाईस.

फेटा धुतला. डाग गेला न्हाय. ऱ्हाऊ दे, लग्नात तोच बांधनार हाय.

अठरा तारखेच्या आदल्या दिशीच ये. पोरांना संगं आन, जाईच्या पाठीशी त्येंनाच उभं ऱ्हायचंय. तू खांबाला उभा ऱ्हानार म्हनून द्वारकीनं सांगितलं. खांब धरायची मानसं येगळी हाईत. तू माज्या उजव्या अंगाला ऱ्हा. डॉक्टरनं वाकू नको म्हनलंय तर वाकू नको, कुनी इचारलं तर म्या सांगतो. भाऊबीजेला यंदा एकच येळ धर, द्वारकीला आता दोनदा तेल घालायला जमत न्हाय म्हनतीया.

मांडवात दूध आपल्याच संस्थेचं हाय. पातळ हाय. त्यावर तुला बोलायचं असंल तर जेवनं उरकल्यावर बोल, माइक म्या सांगून ठेवलाय.

म्या सभा सोडून जानार न्हाय.

बलभीम